मृगाआधीची सुई
कराडच्या एका दवाखान्यात या आठवड्यात एक माळकरी आजोबा डॉक्टरांना विचारत होते, ‘ह्यात अंडं असतंय का ओ?’ प्रश्न अगदी रास्त होता. फ्लूची बहुतेक लस आजही कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवूनच तयार होते, आणि डॉक्टरांनी ते न लपवता सांगितलं, हे मला फार आवडलं. घ्यायची की नाही ते आजोबा ठरवतील, पण फसवून टोचलेली लस पुढच्या वर्षी कुणी घेत नाही. अंड्याची अ‍ॅलर्जी असली तरी बहुतेकांना ही लस चालते. आधीच्या डोसनं मोठा त्रास झाला असेल तर मात्र तो सुईआधी सांगायचाच. माझं खरं भांडण आहे ते ‘दिवाळीनंतर बघू’ या सल्ल्याशी. थंडीत फ्लू आपल्याकडेही येतो, पण सातारा-सांगलीत पावसाची झड लागली की घरोघरी ताप सुरू होतो. 2009 चा स्वाइन फ्लू पुण्यात भडकला तोही ऑगस्टातच. लशीचा गुण यायला दोनेक आठवडे जातात, म्हणजे मृग निघायच्या आत, माउलींची पालखी लोणंदला टेकण्याच्या कितीतरी आधी ती दंडात गेलेली हवी. खोक्यावर हंगाम छापलेला असतो, तो वाचून घ्या, गेल्या वर्षीची लस नको. साठीपुढचे, शुगरवाले, दमेकरी, गरोदर बाया यांनी चालढकल करूच नये. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण येईल, पण निष्क्रिय विषाणूच्या या सुईनं फ्लू होत नाही. नऊ वर्षांखालच्या पोराची पहिलीच वेळ असेल तर महिन्याच्या अंतरानं दोन डोस लागतात, तेव्हा त्याला मेच्या सुट्टीतच घेऊन जा.