राजकन्येला कोणी विचारलं होतं?

युद्ध सुरू असतं. दोन्हीकडची माणसं मरत असतात. मग तह होतो, आणि तहात एक कलम असतं: हरलेल्या राजाने आपली मुलगी जिंकलेल्याला द्यायची. ती मान ताठ ठेवून शत्रूच्या महालात जाते. तो रागीट, अबोल, मनात जुनी जखम घेऊन बसलेला. वीस भाग दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मग तिला ताप येतो, तो रात्रभर उशाशी बसतो, आणि साठाव्या भागापर्यंत दोघं एकमेकांसाठी जीव द्यायला तयार! मोबाईलवर कथा वाचायच्या अ‍ॅपवर अशा मालिका मराठीत ढिगाने आहेत. राज्यांची नावं बदलतात, साचा तोच राहतो.

वस्तीतल्या किशोरवयीन मुलींसोबत काम करताना मला या कथा सतत भेटतात. आपल्या चळवळीतले बरेच लोक त्यांना ‘टाइमपास’ म्हणून उडवून लावतात. वैचारिक वाचायचं सोडून पोरी काय वाचत बसतात, असा सूर असतो. मला हा सूर मान्य नाही. लाखो मुली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचत असतील, तर ती गोष्ट त्यांच्या आयुष्याबद्दल काहीतरी सांगते आहे. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाने तरी तिच्याकडे नाक मुरडून बघू नये.

या कथांमध्ये मुलींना नक्की काय आवडतं? मुकुट, दागिने, घोडे? थोडंफार असेलही. पण नीट वाचलं तर कथेचा जीव दुसरीकडे आहे. लग्नाच्या रात्री तो राजा दारातच थांबतो. ‘तुझी इच्छा असेल तेव्हाच’ असं म्हणतो आणि महिनोन्‌महिने वाट बघतो. आशुतोष गोवारीकर यांच्या 2008 च्या ‘जोधा अकबर’ या चित्रपटाचाही कणा हाच आहे: हिंदुस्थानचा बादशहा बायकोच्या होकाराची वाट बघतो. म्हणजे मुली स्वप्न बघतात ते राजाचं नाही, विचारणाऱ्या नवऱ्याचं. आणि ते स्वप्न पडावं अशीच परिस्थिती आहे. 2023 च्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्येही जुन्या कायद्यातला अपवाद तसाच ठेवला आहे: बायको अठरा वर्षांची झालेली असेल, तर तिच्या मर्जीविरुद्ध नवऱ्याने केलेला संभोग बलात्कार ठरत नाही. ज्या देशाचा कायदा नवऱ्याला दारात थांबायला सांगत नाही, तिथल्या मुलीने दारात थांबणारा राजा कल्पनेत उभा केला तर तिला हसायचं कशाला?

माझा आक्षेप वेगळा आहे. ही गोष्ट मुलीला ‘हो-नाही’ म्हणायचा अधिकार देते, पण फार उशिरा देते. शयनगृहाच्या दारात तिला विचारलं जातं. दरबारात, जिथे तिचा सौदा ठरला, तिथे तिला कोणीच विचारलेलं नसतं. आणि पुढे प्रेम फुलतं, त्यामुळे तो सौदाही योग्यच होता असं ठरतं. आपल्या घरांतही मुलीला हेच सांगतात ना? ‘लग्नाआधी कसलं प्रेम, लग्नानंतर आपोआप होतं.’ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात 20 ते 24 वयोगटातल्या जवळपास 22 टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं होतं. यातल्या कितीजणींना दरबारात विचारलं असेल?

अशा लग्नांचा खरा हिशोब बघायचा असेल तर आपल्याकडे पाली साहित्य आहे. तिथे या गोष्टी प्रेमकथेचा मुलामा न देता सांगितल्या आहेत.

मगध आणि कोसल ही त्या काळची दोन बलाढ्य राज्यं. कोसलचा राजा पसेनदी, ज्याला आपण प्रसेनजित म्हणतो, त्याची बहीण मगधच्या बिंबिसाराला दिलेली होती. तिच्या न्हाण-उटण्याच्या खर्चासाठी म्हणून काशीतलं एक गाव आंदण दिलं, त्याचं उत्पन्न एक लाख. पुढे अजातशत्रूने बापाला, बिंबिसाराला, मारून गादी घेतली. जातककथा सांगतात की त्या दुःखाने ही राणीही मेली. आता पसेनदीने काय केलं? ते गाव परत घेतलं. बहीण गेली, तर तिच्या नावाचं गाव मगधाकडे कशाला! त्या गावावरून मामा-भाच्यात युद्ध पेटलं. संयुत्त निकायात यातल्या दोन लढायांची सुत्तं आहेत. एकीत पसेनदी हरला, दुसरीत त्याने अजातशत्रूला जिवंत पकडलं आणि सोडून दिलं. सोडतानाचा तह जातककथांत आहे. पसेनदीने आपली मुलगी वजिरा त्याला दिली. सोबत काय दिलं? तेच गाव, पुन्हा न्हाण-उटण्यासाठी.

एक गाव, दोन पिढ्या, दोन स्त्रिया. आत्या मेली की गाव परत, भाची गेली की गाव पुन्हा रवाना. आपल्याकडे मामाची मुलगी करायची चाल आजही आहे, त्यामुळे हे नातं मराठी वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही. फरक इतकाच की इथे नवरदेवाने स्वतःच्या बापाचा खून केलेला होता आणि वधूपित्याला ते पुरतं ठाऊक होतं.

मज्झिम निकायात पियजातिक नावाचं सुत्त आहे. त्यात राणी मल्लिका पसेनदीला विचारते, राजकुमारी वजिरी तुम्हाला प्रिय आहे का? तो हो म्हणतो. तिला काही झालं तर दुःख होईल का? तोही प्रश्न आहे, आणि त्यालाही होकारच आहे. मला हे दोन उतारे शेजारी ठेवून बघावेसे वाटतात. बाप खोटं बोलत नव्हता. मुलगी त्याला खरंच प्रिय होती, आणि तरी तहाच्या वेळी ती देण्याच्या वस्तूंमध्येच मोजली गेली. मुलीवर माया आहे म्हणून तिचा निर्णय आपणच घ्यायचा, हे आपल्या बापांचं तर्कशास्त्र इतकं जुनं आहे. वजिराचं पुढे काय झालं, तिला अजातशत्रू कसा वाटला, यावर या कथा गप्प आहेत. त्या रिकाम्या जागेत आजची लेखिका प्रेमकथा भरते.

याच पसेनदीला तथागतांच्या ज्ञातींशी सोयरीक हवी होती. त्याने शाक्यांकडे मुलगी मागितली. शाक्य कोसलच्या सत्तेखाली होते, नकार देणं शक्य नव्हतं, आणि मुलगी देण्यात कुळाचा अपमान वाटत होता. मग महानाम शाक्याने तोडगा काढला. नागमुंडा नावाच्या दासीपासून त्याला झालेली मुलगी, वासभखत्तिया, खरी शाक्य राजकन्या म्हणून पाठवायची. कोसलचे दूत चतुर होते. बाप मुलीसोबत एका ताटात जेवला तरच खरं मानू, म्हणाले. महानामाने ताटात हात घातला, आणि तेवढ्यात आधीच ठरल्याप्रमाणे पत्र आलं. तो एका हाताने पत्र वाचत राहिला, तिकडे मुलगी जेवून उठली. दूतांची खात्री पटली.

रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार ही जातीची दोन कुलुपं एकाच प्रसंगात इतकी उघडी दिसणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. पोटची मुलगी राजाला द्यायला चालते, तिच्यासोबत एक घास चालत नाही.

तिचा मुलगा विडूडभ सोळाव्या वर्षी आजोळी गेला. त्याला नमस्कार करावा लागू नये म्हणून शाक्यांनी आपली लहान मुलं बाहेर पाठवून दिली. तो गेल्यावर दासीच्या मुलाचं आसन म्हणून त्याची बसायची जागा दूध-पाण्याने धुतली. त्याच्या कानावर हे आलं. पुढे तो राजा झाला आणि त्याने शाक्यांची कत्तल केली. पसेनदीचा शेवट असा, की मुलाने गादी घेतल्यावर तो जावयाकडे, अजातशत्रूकडे, मदत मागायला निघाला आणि राजगृहाच्या वेशीबाहेरच मेला. तहासाठी केलेल्या सोयरिकींतून मिळालेली शांतता ती ही!

या कथेतली एक जागा मला पचत नाही, ती लपवत नाही. खरं कळल्यावर पसेनदी वासभखत्तिया आणि मुलाचा मान काढून घेतो. तेव्हा अट्ठकथेतले बुद्ध त्याला समजावतात की आईचं कूळ बघू नये, बापाचं कूळ हेच प्रमाण. अट्ठकथा तथागतांनंतर कित्येक शतकांनी लिहिल्या गेल्या, आणि हा दाखला मला लिहिणाऱ्यांच्या काळाचा वाटतो. मुलगी झाली म्हणून खट्टू झालेल्या याच राजाला, मुलगी मुलाहून सरस ठरू शकते असं संयुत्त निकायात सांगणारे बुद्ध मला जवळचे आहेत.

आता जातीचा मुद्दा. जोधा-अकबरचं नाव घेऊन काही मित्र म्हणतात, बघा, तेव्हाही आंतरधर्मीय लग्नं होत होती! होत होती. पण कशी? 1562 मध्ये आमेरचा राजा भारमल अडचणीत होता. मेवातच्या मोगल सुभेदाराने त्याच्या घरातली माणसं ओलीस ठेवली होती. सांभरला लग्न झालं, माणसं सुटली. अकबरनाम्यात त्या मुलीचं नावही नाही. ‘जोधा’ हे नाव तिला नंतर चिकटलेलं. आणि व्यवहार एकतर्फी होता: राजपुतांच्या मुली मोगलांकडे गेल्या, मोगलांची मुलगी राजपुताकडे आली नाही.

धर्मशास्त्रात याला अनुलोम-प्रतिलोम म्हणतात. मुलगी वरच्याकडे गेली तर चालवून घेतलं जातं, खालच्याकडे गेली तर पाप. या सगळ्या राजकथा अनुलोम आहेत. जिंकलेल्या राणीने हरलेल्या बाजूच्या साध्या शिपायाशी लग्न केलं, अशी मालिका मला अजून सापडलेली नाही. 1916 च्या ‘कास्ट्स इन इंडिया’ या निबंधात बाबासाहेबांनी दाखवलं आहे की जातीची भिंत जातीअंतर्गत विवाहावर उभी असते आणि ती टिकवण्याची किंमत स्त्री मोजते. 1936 मध्ये त्यांनी आंतरजातीय विवाह हा जात मोडण्याचा खरा उपाय सांगितला. तो उपाय दोन बापांनी केलेला सौदा नाही, दोन माणसांची निवड आहे. सौद्याने भिंत हलत नाही. तिच्यात एक दार उघडतं, आणि त्याची किल्ली बापाकडेच राहते.

म्हणून सत्तेच्या सोयीसाठी जात-धर्म ओलांडला की तो मुत्सद्दीपणा असतो, स्वतःच्या मनाने ओलांडला की घराण्याची इज्जत जाते. 2014 मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात सतरा वर्षांच्या दलित मुलाला प्रेमाच्या नुसत्या संशयावरून मारून टाकलं. 2017 मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले, साक्षीदार फितूर झाले होते. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्र सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करणारी समिती नेमली. ओरड झाल्यावर काही दिवसांत आंतरजातीय लग्नं त्यातून वगळली, आंतरधर्मीय ठेवली. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात आजही तीस दिवसांची जाहीर नोटीस आहे. म्हणजे घरातून निघालेल्या मुलीचा पत्ता तिच्या भावांना सरकारी फलकावर वाचायला मिळतो.

आणि हे सगळं फक्त ‘त्यांच्या’ घरात होतं असं समजू नका. 1956 नंतर आपण जात सोडली म्हणतो, पण वधू-वर मेळाव्यात मूळ पोटजात हळूच विचारणारे आपल्यातही आहेत. अशा ताटात आपलाही हात महानामासारखा अडकलेला असतो.

मुलींनी त्या कथा वाचाव्यात, मी कोणाचा मोबाईल काढून घेणार नाही. किशोरी गटात मी एवढंच विचारते: तह ठरला त्या दिवशी राजकन्या कुठे होती? तिने नाही म्हटलं असतं तर ती कुठे गेली असती? दुसऱ्या प्रश्नावर गट शांत होतो, कारण जाण्यासाठी जागा नसते हे मुलींना माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या शक्ती वाहिनी निकालात अशा जोडप्यांसाठी जिल्हा पातळीवर सुरक्षित निवारा आणि विशेष कक्षाची व्यवस्था करायला सांगितलं आहे. तुमच्या जिल्ह्यात तो निवारा आहे का, त्याचा फोन लागतो का, रात्री दहा वाजता दार कोण उघडतं, हे या आठवड्यात पोलीस अधीक्षक कार्यालयात जाऊन लेखी विचारा. उत्तर आलं तर मुलींच्या गटापर्यंत पोचवा, नाही आलं तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला मी मदत करेन.