परिषद आटोपल्यावरचे बेंगळुरू

चामराजपेट ही बेंगळुरूच्या पहिल्या आखीव वस्त्यांपैकी एक. १८९२ मध्ये ती जुन्या किल्ल्यालगत वसली. नाव दहाव्या चामराजेंद्र वडियारांचे. काटकोनात छेदणारे ‘मेन’ आणि ‘क्रॉस’ रस्ते, १९१५ पासूनची कन्नड साहित्य परिषद आणि फोर्ट हायस्कूलच्या मैदानावरचा रामनवमीचा संगीतोत्सव ही तिची ओळख. उत्सवात गाणे जितके रंगते, तितकीच पानक (गुळाचे सरबत) आणि कोसंबरी (डाळीची कोशिंबीर) यांसाठीची रांगही. १६३८ मध्ये विजापूरकरांनी घेतलेले हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, ही मराठी वाचकांची जुनी सोयरीक.

१९०१ मध्ये छावणीसह सुमारे १.६ लाख असलेली बेंगळुरूची लोकसंख्या २०११ पर्यंत ८४ लाखांवर गेली.   व्यावसायिक परिषदांना येणारे मात्र बहुधा व्हाइटफील्ड या आयटी उपनगरातल्या सभागृहातून थेट विमानतळ गाठतात आणि शहर पाहिल्याचे समाधान मानतात.

म्हणून या अंकात आम्ही परिषदेनंतरच्या मोकळ्या संध्याकाळी पायी पाहता येणारे बेंगळुरू मांडले आहे: मॉल वगळून, पेठा धरून. वाचकांनी आपल्या वाटा आम्हाला जरूर कळवाव्यात. निवडक पत्रे पुढील अंकात छापली जातील.