माया

एप्रिलच्या शेवटी पुण्याच्या मैत्रिणीचा फोन आला. "जुन्या कपड्यांची तीन पोती निघालीत. तुमच्या गडचिरोलीच्या मुलांना देशील?" मी राहते चंद्रपुरात. गडचिरोली १९८२ साली आमच्यापासून वेगळा जिल्हा झाला, तरी पुण्यातून बघताना अजून एकच जंगल दिसतं. आणि त्या जंगलात उघडीवाघडी पोरं. १९७३ साली प्रकाशभाऊ आमटे गडचिरोलीतल्या हेमलकशाला गेले, तेव्हा माडिया आदिवासींच्या अंगावर लंगोटीपलीकडे काही नाही हे पाहून त्यांनी स्वतः बनियन आणि हाफपँटवर राहायचं ठरवलं. ते आजही तसेच राहतात. भामरागडच्या बाजारात मात्र आता जीन्स मिळते.

पोती आली. आत खड्यांचा लेहंगा, एक ब्लेझर, चेन तुटलेली तीन जर्किनं, आणि सदरेच सदरे, एकाआड एकाचं बटण गेलेलं. कपडे चांगले होते. त्यांना फक्त सुई हवी होती. तेवढी सवड देणाऱ्याला नव्हती आणि पर्लकोटा नदीला पूर आला की जगापासून तुटणाऱ्या गावात घेणाऱ्यानं बटण कुठून आणायचं, हा विचार पोत्याचं तोंड शिवताना कुणी केला नव्हता. 'गूंज' संस्थेचे अंशू गुप्ता १९९९ पासून हेच सांगत आलेत की आपण देतो ते आपल्याला नको असलेलं असतं, समोरच्याला हवं असलेलं नसतं.

चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारी बारा ते पाच कुणी उंबरा ओलांडत नाही. गल्लीतली सात पोरं घरात बसून मोबाइल घासत होती. आमच्याकडे मोठा कूलर आहे एवढ्या आमिषावर ती पोत्यातल्या कपड्यांवर शिवण शिकायला आली. चार मुलगे, तीन मुली. एका आईनं दारातच विचारलं, "पोट्ट्यांनाही शिवणच शिकवता काय जी?" मी म्हटलं, तुमचे ब्लाउज गोल बाजारात कोण शिवतं? ती हसली. बाजारात मशीनवर बसलेला बहुधा पुरुष असतो. शिवणाच्या क्लासला मात्र घरोघरच्या मुलीच जातात. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

पहिल्या दिवशी मी सुईत दोरा ओवायला दिलाच नाही. प्रत्येकाला एक सदरा दिला आणि म्हटलं, उसवा. शिंप्याकडे असतं तसं अर्धं ब्लेड पोरांच्या हाती द्यायची माझी छाती नव्हती, म्हणून टोकदार छोट्या कात्र्या दिल्या. "काकू, शिवाचं शिकाले आलो, मंग उसवाचं काहून?" उत्तर तासाभरात आपोआप मिळालं. कॉलरच्या पोटातून बक्रम निघालं. बाही सपाट केली तर तिचा डोंगर झाला, आणि हा डोंगर मुंढ्याच्या खोलगट गोलात बसतो कसा, यावर दोघांचं भांडण जुंपलं. ज्या पोराला भूमितीत नऊ मार्क पडले होते, त्यानंच ते सोडवलं. मापानं नाही, बाही मुंढ्याला टाचण्या लावत लावत. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आम्ही मात्र वर्षानुवर्षं क्रेपची फुलं करत आलो. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून सगळं शिक्षण द्यायची गोष्ट मांडली, ते वर्धा इथून रेल्वेनं काही तासांवर आहे.

दुसऱ्या दिवशी एका मुलीनं माझ्या आईनं शिवलेला जुना फ्रॉक उसवला. घेराच्या आत चार बोटं कापड दुमडलेलं, बगलेत बोटभर. "हे काय उरलं?" उरलं नाही, ठेवलंय. शिंपी त्याला माया म्हणतात. पोर वाढणार हे धरून सोडलेलं कापड. दरवर्षी घेर एकेक घडी खाली यायचा आणि जुन्या घडीची फिकी रेघ गुडघ्याच्या वर दिसत राहायची. मला त्या रेघेची शाळेत लाज वाटायची. मग पोरांनी पोत्यातला रेडिमेड टॉप उलटा केला. टिपेला लागूनच ओव्हरलॉक, कड सपासप छाटलेली. माया शून्य. त्या दिवसापासून पोरं ज्याचा त्याचा सदरा उलटा करून बघायला लागली.

२०२४ साली राज्यभर सरकारी शाळांत एकच गणवेश द्यायला सुरुवात झाली. कापड एका ठिकाणाहून, पहिल्या गणवेशाची शिलाई बचत गटांच्या बायांकडे. मापं चुकल्याच्या तक्रारी गावोगाव झाल्या. दुसरा गणवेश शाळांनी शिवून घ्यायचा होता, त्याच्या शिलाईला १०० रुपये धरले होते. तेवढ्यात शिंपी मशीनचं झाकणही काढत नाही. त्याच डिसेंबरात निर्णय मागे घेऊन गणवेशाचं काम पुन्हा शाळा समित्यांकडे दिलं. दोष कुणाचा, ते बाजूला ठेवू. मला दिसतात ती त्या महिन्यांत बगलेत आवळलेले सदरे घालून बसलेली मुलं. आत माया आहे का, हे उलटं करून बघावं असं किती जणांना सुचलं असेल?

बोटं टोचलीच. पहिलं रक्त आल्यावर रडारड झाली. मला वरोऱ्याचं आनंदवन आठवलं. बाबा आमट्यांनी सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपयांवर उभं केलेलं. तिथे माग चालतात, शिवणकाम चालतं. कुष्ठरोगात बोटांची जाणीव जाते, सुई लागली तरी कळत नाही. ज्याला दुखत नाही त्याला प्रत्येक टाका डोळ्यांनी राखावा लागतो. हे सांगितल्यावर पोरं गप्प झाली. एकानं डोळे मिटून सुई चालवून पाहिली आणि ओरडा खाल्ला.

महिनाभरात बाराएक सदरे बटणांसकट तयार झाले, लेहंग्याच्या उशा झाल्या, ब्लेझरचं काही जमलं नाही. धावदोरा सगळ्यांना येतो, काज एकालाच.

शेवटच्या आठवड्यात नऊ मार्कवाला वडिलांची खाणीतली पँट घेऊन आला. त्याला पाठीवरची पिशवी करायची होती. शिंप्यानं शिवलेली पँट, पायाच्या आत भरपूर माया. त्यानं टीप उसवली आणि घडीतून बारीक काळी पूड फरशीवर सांडली. कोळसा. सातही जण वाकून बघत होते. तेवढ्यात त्याची आई त्याला न्यायला आली, ढीग बघितला आणि लाजून लाल झाली. "दोनदा धुऊन देली होती न काकू मी!"