‘अकस्मात’ या शब्दाचा हिशेब

औद्योगिक वसाहतीतील कामगार विजेच्या धक्क्याने मरण पावला, तर त्याची बातमी आपल्या वृत्तपत्रांत साधारण चार ओळींत बसते. कामगाराचे नाव आणि वय, वसाहतीचे नाव, ‘काम करीत असताना विजेचा धक्का लागून’ हा ठरलेला तुकडा, आणि शेवटी ‘पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आहे’ हे तितकेच ठरलेले वाक्य. या चार ओळी आपण इतक्या वेळा वाचल्या आहेत की त्या वाचण्याचे आपण सोडून दिले आहे. कवितेतल्या एका विरामचिन्हावर तासभर बोलणाऱ्या आम्हा साहित्याच्या अभ्यासकांनी या चार ओळींकडेही एकदा संहिता म्हणून पाहावे, असे आम्हांस वाटते. विजेच्या सुरक्षेचा प्रश्न तंत्रज्ञांचा आहे हे खरे. परंतु त्यातील बराच मोठा भाग वाचण्याचा आणि लिहिण्याचा आहे, आणि तेथे आपण पाहुणे नाही.

प्रथम ‘लागणे’ हे क्रियापद घेऊ. मराठीत भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, नजर लागते, आग लागते आणि विजेचा धक्काही लागतो. या सर्व प्रयोगांत सोसणारा असतो, करणारा नसतो. भुकेच्या बाबतीत ते योग्यच आहे, कारण भूक कोणी लावत नाही. पण कारखान्यातील धक्का त्याच सालस क्रियापदाच्या आडोशाला जाऊन बसतो आणि भूक-झोपेसारखाच देहधर्म वाटू लागतो. ‘लागून’ या धातुसाधिताने तर कार्य आणि कारण एका दमात उरकले जातात. वाचकाने विचारावे असा प्रश्न वाक्यात शिल्लकच राहत नाही.

‘अकस्मात’ या शब्दाची गोष्ट याहून गंभीर आहे. संस्कृतातील ‘कस्मात्’ म्हणजे कशामुळे, कोठून. त्याला नकाराचा ‘अ’ लागला की अर्थ होतो, ज्याला ‘कशामुळे’ नाही असे. आपण आज हा शब्द ‘एकाएकी’ या अर्थाने वापरतो, आणि पोलिसांच्या दप्तरात तर तो पुढील चौकशीची पहिली पायरी म्हणून येतो. ती नोंद म्हणजे निष्कर्ष नव्हे. परंतु बातमी तेथेच संपते. पाठपुरावा क्वचितच छापला जातो. त्यामुळे वाचकाच्या मनात चौकशीची पहिली पायरी हीच शेवटची ठरते आणि शब्दाचा मूळ अर्थ नकळत खरा होऊन बसतो: हा मृत्यू कशामुळेही झाला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत विजेच्या धक्क्याने झालेल्या मृत्यूंचा आकडा देशभरात दहा हजारांच्या वरच राहिला आहे. त्यांत घरे, शेते, रस्ते, कारखाने सर्व आले. एवढी माणसे वर्षानुवर्षे ‘कशामुळेही नाही’ मरत असतील, हे मानणे बुद्धीला पटत नाही.

तेव्हा ‘कस्मात्’ या प्रश्नाचे उत्तर शोधू. यंत्रमागाचा एखादा लहान कारखाना डोळ्यांसमोर आणावा. माग चालू असताना सारखे हादरतात. त्या हादऱ्याने केबल लोखंडी पायाला घासत राहते आणि तिचे वेष्टण झिजते. हवेत सुताचा तूस उडत असतो. तो स्टार्टर आणि स्विचच्या पेट्यांत साचतो. पावसाळ्यात जमीन ओलसर, कामगाराचे पाय पुष्कळदा अनवाणी, अंग घामाने भिजलेले. वेष्टण झिजले की मोटरच्या सांगाड्यात वीज उतरते. अर्थिंग शाबूत असेल, तर ती बहुतांशी जमिनीत जाते, फ्यूज उडतो आणि सर्वांना कळते की काही बिघडले आहे. परंतु अर्थिंगची तार कधीतरी तुटलेली असते. तुटल्याने उत्पादन थांबत नाही, म्हणून ती तुटल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याजागी जाड तार बांधलेली असते. गळतीचा प्रवाह ओळखून क्षणार्धात पुरवठा तोडणारे उपकरण, ज्याला आरसीसीबी म्हणतात, ते बसवलेले नसते किंवा सारखे ‘पडते’ म्हणून बाजूला काढलेले असते. आता या सांगाड्याला पहिला हात कोणाचा लागेल एवढेच काय ते ‘अकस्मात’ असते. बाकी सारे महिनोन्‌महिने ठरत आलेले असते.

आगीच्या बातम्यांतील ‘शॉर्टसर्किट’ हा शब्दही असाच. मे २०२५ मध्ये सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जणांचा मृत्यू झाला, तेव्हाही पहिल्या बातम्यांत शॉर्टसर्किटचा संशय व्यक्त झाला होता. त्या विशिष्ट घटनेच्या कारणाविषयी येथे निर्णय देण्याचा आमचा हेतू नाही. सांगायचे ते इतकेच की शॉर्टसर्किट ही घटना आहे, कारण नव्हे. कोणी बुडाला असता ‘नाकातोंडात पाणी गेल्याने’ असे सांगण्यासारखेच ते आहे. वायरिंग किती जुने होते, त्यावर किती भार होता, शेवटची तपासणी कधी झाली, बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा उघडा होता काय, हे प्रश्न त्या शब्दापाशी येऊन थांबतात. परभाषेतला तांत्रिक शब्द आला की वाचकही आदराने गप्प बसतो.

आता एक चमत्कारिक गोष्ट पाहावी. या निर्मनुष्य गद्यात कर्ता कधी येतो? तो येतो मृताची चूक सांगताना. ‘कामगाराने मेन स्विच बंद न करताच दुरुस्ती सुरू केली’, ‘त्याने रबरी हातमोजे घातले नव्हते’ ही वाक्ये कर्ता उघड सांगणारी, निःसंदिग्ध आणि ठसठशीत असतात. हातमोजे कारखान्यात होते काय, दुरुस्तीसाठी माग थांबवल्यास तुकड्याच्या हिशेबाने मजुरी मिळणाऱ्या माणसाचे किती नुकसान झाले असते, या बाबतीत मात्र पुन्हा कर्ता नसलेल्या वाक्यांचे राज्य. बातमीदार हे हेतुतः करतात असे आम्ही म्हणत नाही. ठरलेल्या वाक्यांची सवय हेतूशिवायही काम करते, आणि म्हणूनच ती अधिक तपासली पाहिजे.

कामगारांची स्वतःची भाषा याहून कितीतरी नेमकी आहे. ते म्हणतात, ‘करंटनं धरलं’, ‘चिकटला’. सुशिक्षितांना हे अडाणीपणाचे वाटते. वीज काय डिंक आहे? वस्तुतः शरीरशास्त्र कामगारांच्या बाजूने उभे आहे. एक मिलिअँपिअरचा प्रवाह जेमतेम जाणवतो. तो दहा ते सोळा मिलिअँपिअरच्या घरात गेला की बोटांचे स्नायू आकसतात आणि पकडलेली वस्तू माणसाला सोडवत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डॅल्झिएल यांनी या ‘सोडता येण्याच्या’ मर्यादेचा पद्धतशीर अभ्यास केला आणि त्याच अभ्यासातून १९६१ मध्ये गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण सिद्ध केले. आज माणसाच्या रक्षणासाठी बसवायचे आरसीसीबी तीस मिलिअँपिअरला पुरवठा तोडते, त्यामागे हाच विचार आहे. ओल्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टला सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. याच्या चौथ्या हिश्शाएवढा प्रवाहही सेकंदभर छातीतून गेला, तर हृदयाची लय बिघडू शकते. ‘धक्का’ हा आपला ग्रंथप्रिय शब्द माणूस दूर फेकला गेल्याचे सुचवतो. ‘चिकटला’ हा शब्द खरा धोका सांगतो आणि त्याबरोबर उपायही सुचवतो. चिकटलेल्याला हात लावायचा नाही, लावणाराही चिकटेल. आधी पुरवठा तोडायचा. एका शब्दाच्या निवडीवर दुसऱ्या माणसाचा जीव अवलंबून असतो, याहून शैलीविचाराला मोठे उदाहरण कोणते द्यावे?

धोक्याच्या फलकाचेही असेच वाचन करता येईल. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी मध्यम, उच्च आणि अतिउच्च दाबाच्या ठिकाणी कवटी व हाडांचे चित्र असलेला फलक सक्तीचा केला होता. त्या नियमांत २५० व्होल्टपर्यंतचा दाब ‘कमी’ या वर्गात पडत असे. कारखान्यातील हातदिवा, टेबलपंखा, ड्रिल यांतून वाहणारी २३० व्होल्टची वीज ही अशी ‘कमी’ वीज. वर्गीकरणाच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. पण ‘कमी’ हा शब्द कागदावरून कामाच्या जागी उतरला की त्याचा अर्थ ‘निरुपद्रवी’ असा होतो. कवटी मोठ्या आकड्यांपाशी पहारा देत राहते आणि माणूस लहान आकड्यापाशी मरतो.

शिवाय फलक कोणत्या भाषेत असावा? नियमाने म्हटले होते, हिंदी वा इंग्रजी आणि जिल्ह्याची स्थानिक भाषा. धक्का बसलेल्या माणसाला शुद्धीवर आणण्याच्या सूचनांचा तक्ता कारखान्यात लावण्याविषयीही तसेच. त्या जागी २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नवे विनियम आले, तरी स्थानिक भाषेचे तत्त्व राहिले. तत्त्व चांगलेच आहे. परंतु भिवंडीच्या यंत्रमागावर उभा असणारा कामगार पुष्कळदा उत्तर प्रदेशाचा, बिहारचा वा तेलंगणाचा असतो, आणि सोलापूरच्या विणकर वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू बोलली जाते. फलकाला भाषा जिल्ह्याची, मरणाऱ्याला भाषा घरची. मराठी पाट्यांविषयी आम्हांस प्रेम आहे आणि त्या सर्वत्र असाव्यात असे आमचे मत आहे. पण स्विचच्या पेटीवरील पाटी अस्मितेसाठी नसते. ती वाचणाऱ्याच्या भाषेत नसेल, तर ती पाटी नव्हे, नुसता पत्रा. मराठीच्या खाली तेलुगूची एक ओळ आल्याने मराठीचे काहीही उणे होत नाही.

तक्त्याच्या सक्तीला आणखी एक अट होती: जागा कायद्याच्या व्याख्येनुसार ‘कारखाना’ असली पाहिजे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने यंत्रशक्ती वापरणाऱ्या जागेसाठी दहा कामगारांची मर्यादा घातली होती, न वापरणाऱ्या जागेसाठी वीसची. म्हणजे यंत्रशक्ती आली की धोका वाढतो, हे कायद्याने आपल्या आकड्यांतच कबूल केले होते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत हे आकडे वीस आणि चाळीस झाले आहेत. आठदहा माणसांची शेड तेव्हाही व्याख्येबाहेर राहू शकत होती. आता पंधरा-अठरा माणसांचीही राहू शकते. शब्दाची व्याख्या बदलली की किती माणसे एका वाक्यातून बाहेर फेकली जातात, हे व्याकरणाच्या शिक्षकाला निराळे सांगायला नको.

याउलट लेखनाने जीव वाचवण्याचे एक उदाहरण सांगितले पाहिजे. सुव्यवस्थित कारखान्यांत दुरुस्तीपूर्वी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घालतात आणि त्यावर चिठ्ठी अडकवतात: काम चालू आहे, स्विच लावू नये; खाली काम करणाऱ्याचे नाव, तारीख, वेळ. कुलपाची किल्ली त्याच्याच खिशात राहते आणि चिठ्ठी ज्याने लावली त्यानेच काढायची असते. जे. एल. ऑस्टिन यांनी उच्चार ही कृतीही असते असे प्रतिपादले, आणि वर्गात आपण त्याची उदाहरणे लग्नातील ‘होय’पासून नौकेच्या नामकरणापर्यंत देतो. ही चिठ्ठी त्याहून नमुनेदार उदाहरण आहे. तिला निश्चित लेखक आहे, निश्चित वाचक आहे, आणि तिचा चुकीचा अर्थ लावण्याची किंमत देह आहे. जेथे चिठ्ठी नसते तेथे काम तोंडी शब्दावर चालते. ‘बंद केलंय का?’ ‘केलंय.’ कोणते बंद केले, कोणी केले, चहाहून परतणाऱ्या तिसऱ्या माणसाला ते ठाऊक आहे काय? मौखिक परंपरेचे आपण कितीही गोडवे गाऊ. येथे लिखित संहितेची बाजू घ्यावी लागते.

मग आपल्या साहित्याचे काय? मुंबईतील गिरण्यांना खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून वीज मिळू लागली ती १९१५ मध्ये. तरी कामगारजीवनाची आपली प्रतिमासृष्टी प्रामुख्याने चिमणी आणि भोंगा यांच्याभोवती, म्हणजे वाफेच्या युगाभोवती फिरत राहिली. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’, नारायण सुर्वे यांचा १९६६ चा ‘माझे विद्यापीठ’, जयंत पवारांचे ‘अधांतर’ या कृतींनी कामगाराची भूक, संघर्ष आणि संपानंतरची वाताहत मराठीत आणली, हे ऋण मोठे आहे. परंतु ‘वीज’ हा शब्द आपल्या कवितेत येतो तो बहुधा आभाळातून: तेज, प्रतिभा, क्रांती, क्षणभंगुर लखलखाट. मोटरच्या सांगाड्यात गुपचूप उतरलेली, न चमकणारी, आवाज न करणारी वीज आमच्या वाचनात फारशी आलेली नाही. तिला चिमणीसारखा आकार नाही आणि तिच्या मृत्यूला मोर्चासारखा जमाव नाही, हे त्याचे एक कारण असावे.

कोणी म्हणेल, क्रियापदे सुधारून अर्थिंगची तार जोडली जाणार नाही. मान्य. तार पानाने आणि पक्कडीनेच जोडली जाते. परंतु ती तुटली आहे हे आधी कोणीतरी म्हणावे लागते, आणि ‘विजेचा धक्का लागून’ या वाक्यात ते म्हणण्याची सोयच नाही. त्याऐवजी ‘अर्थिंग तुटलेल्या मोटरला हात लागून’ असे पाचच शब्द बातमीत आले, तर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: अर्थिंग कधीपासून तुटले होते, आणि तपासायचे कोणी होते? मराठीच्या प्राध्यापकांनी पुढील वर्षीच्या शैलीविज्ञानाच्या प्रकल्पासाठी कथाकादंबऱ्यांबरोबरच गावातल्या औद्योगिक वसाहतीतील पाट्या, चिठ्ठ्या आणि वर्षभरातल्या या चार ओळींच्या बातम्या गोळा करावयास सांगाव्यात, एवढीच आमची सूचना आहे. विद्यार्थ्यांनी प्रत्येक बातमीत कर्ता कोठे आहे ते शोधावे, आणि जेथे तो सापडणार नाही तेथे वार्ताहराला पत्र लिहून विचारावे.