अर्ध्या तिकिटाचे अर्धे महाविद्यालय

गोमंतकातील कोणत्याही मराठी साहित्यसभेचा अहवाल उघडावा. शेवटच्या परिच्छेदात ‘तरुणांची उपस्थिती अल्प होती’ हे वाक्य हमखास सापडते. मग कारणांची ठरलेली माळ ओढली जाते. मोबाइलने वाचन खाल्ले, इंग्रजी शाळांनी भाषा खाल्ली, नव्या पिढीला कशाचेच सोयरसुतक उरले नाही. ही कारणे सर्वस्वी खोटी आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण सभा पणजीत संध्याकाळी सहाला ठेवायची, वक्त्यांच्या उत्साहाने ती साडेआठपर्यंत लांबवायची, आणि वाळपईच्या पलीकडच्या गावातला मुलगा आला नाही म्हणून त्याच्या वाङ्मयप्रेमाचे माप काढायचे, हा न्याय कुठला? त्याने यायचे ठरवले तर परत कशाने जायचे, हा प्रश्न व्यासपीठावरील कोणालाही पडत नाही. व्यासपीठावरील सर्वांच्या मोटारी बाहेर उभ्या असतात.

प्रश्न केवळ साहित्यसभेचा असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. घरून रोज ये-जा करून शिकणारा विद्यार्थी हा गोव्यात अपवाद नसून नियम आहे, आणि तरीही आमची महाविद्यालये, आमची सरकारी खाती, आमच्या संस्था व आमचे उपदेशक तो अस्तित्वातच नसल्यासारखे वागतात, हे आमचे गाऱ्हाणे आहे.

‘कॉलेज जीवन’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वसतिगृहाची खोली, मध्यरात्रीपर्यंतचे वाद, नाटकाच्या तालमी, ग्रंथालयात घालवलेल्या दुपारी उभ्या राहतात. हे चित्र उसने आहे. १९६१ पूर्वी कला वा विज्ञान शाखेची पदवी हवी असेल, तर गोमंतकीय तरुणाला बेळगाव, धारवाड, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. ज्यांना ते परवडले त्यांनी तेथल्या खोल्यांत राहून महाविद्यालय पुरेपूर उपभोगले आणि त्याच्या आठवणी लिहिल्या. मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजीला धेंपे व मडगावला चौगुले महाविद्यालय सुरू झाले. पाठोपाठ म्हापसा, फोंडा अशी केंद्रे उभी राहिली. पुढे साखळी, केपे, खांडोळा, पेडणे येथे सरकारी महाविद्यालये निघाली. उणेपुरे ३७०२ चौरस किलोमीटरांचे राज्य. मूल सकाळी जाते, दुपारी येते, रात्री आपल्याच घरी निजते. खेड्यापाड्यांतील हजारो मुली पदवीधर झाल्या त्या याच सोयीमुळे. वसतिगृहात ठेवायची वेळ आली असती तर त्यांतल्या कितीजणींना घरून परवानगी मिळाली असती, हे सांगायला नको. ये-जा वाईट आहे असे म्हणण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. मात्र महाविद्यालय घराजवळ आले आणि वसतिगृहातले जीवन बेळगाव-पुण्यातच राहिले. त्याच्या जागी येथे काय उभे करायचे, याचा विचार साठ वर्षांत झाला नाही.

एकदा मात्र विद्यार्थ्यांनी या प्रश्नाच्या एका टोकाला हात घातला होता. १९७८-७९ मध्ये बसभाड्यात पन्नास टक्के सवलत मिळावी म्हणून गोव्यातील विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्या काळी प्रवासी वाहतूक खाजगी बसमालकांच्या हातांत होती. आंदोलन पेटले, लाठ्या चालल्या आणि अखेर अर्धे तिकीट मिळाले. शशिकलाताई काकोडकर यांचे सरकार एप्रिल १९७९ मध्ये कोसळले, त्याला इतर राजकीय कारणे होतीच. पण विद्यार्थ्यांच्या रोषाने त्या काळचे वातावरण तापले होते, हे कोणी नाकारणार नाही. पुढच्याच वर्षी कदंब वाहतूक महामंडळ आले. आमच्या पिढीला या लढ्याचा सार्थ अभिमान आहे.

पण अभिमान बाळगताना हिशेबही पाहावा. भाड्याचा प्रश्न सुटला, वेळेचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. उलट अर्धे तिकीट देणारा प्रवासी हा खाजगी बसच्या कंडक्टरच्या लेखी अर्धाच प्रवासी ठरला. थांब्यावर पाच-सहा विद्यार्थी दप्तरे घेऊन उभे दिसले की गाडी पुढे जाऊन थांबते, किंवा थांबतच नाही, हा अनुभव गोव्यात कोणाला नाही? आणि महाविद्यालयानेही त्याला अर्धाच विद्यार्थी मानले. अर्धे तिकीट, अर्धे कॉलेज.

हे आम्ही अलंकारिक भाषेत बोलत नाही. काणकोणहून मडगावला, केरी-सत्तरीहून पणजीला, नेत्रावळीहून केप्याला येणाऱ्या मुलाचे, थांब्यावरची वाट पाहणे धरून, दिवसाचे तीन तास जातात असे समजा. वर्षाचे १८० दिवस धरले तर ५४० तास होतात, तीन वर्षांत १६२०. इतक्या तासांत एक नवी भाषा शिकून होते. बहुतेक महाविद्यालयांचे वर्ग सकाळी लवकर भरतात आणि जेवणवेळेच्या सुमारास सुटतात. वाङ्मय मंडळाची बैठक, वादविवाद, एकांकिकेची तालीम, क्रिकेटचा सराव, प्राध्यापकांना शंका विचारणे, हे सारे शेवटच्या घंटेनंतर सुरू होते. नेमक्या त्याच घंटेला आमचा विद्यार्थी बसस्थानकाकडे पळत सुटतो. कारण ती बस चुकली तर पुढची दीड-दोन तासांनी, आणि तीही गावापर्यंत जाईलच असे नाही. चोडण वा दिवाडीच्या मुलाला बसशिवाय फेरीबोटही गाठायची असते.

यातली विटंबना पाहायची असेल तर नाटकाकडे पाहावे. सत्तरीचे मूल रणमाल्याच्या मांडावर वाढलेले असते. पेडण्याच्या मुलाने देवळापुढे रात्र रात्र जागून दशावतारी नाटके पाहिलेली असतात. रंगभूमी ज्यांच्या अंगात आहे अशी ही मुले. पण महाविद्यालयाच्या एकांकिकेची तालीम संध्याकाळी असते, म्हणून निवड होते ती पायी घरी जाऊ शकणाऱ्या शहरी मुलांची. मग परीक्षक लिहितात, ‘उच्चारांत मातीचा वास नाही.’ मातीचा वास साडेतीनच्या बसने घरी गेलेला असतो, महाराज!

यावर पहिले उत्तर मिळते ते आमच्याच वयाच्या मंडळींकडून. आम्ही चिखल तुडवत गेलो, कंदिलावर अभ्यास केला, तेव्हा आजच्यांनी तक्रार करू नये. ज्यांनी चिखल तुडवला त्यांच्याविषयी आम्हांला आदर आहे. पण चिखल हा अभ्यासक्रमाचा भाग नव्हता, आणि त्या वाटेवर जे गळाले ते आज हे वाक्य बोलायला हजर नाहीत. दुसरे उत्तर अधिक गोंडस असते. प्रवासाच्या वेळेचा सदुपयोग करा, बसमध्ये वाचा, कानाला यंत्र लावून व्याख्याने ऐका. हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा पावसाळ्यात खच्चून भरलेल्या बसमध्ये, एका हाताने दांडा धरून व दुसऱ्याने ओली छत्री सांभाळत, अर्थशास्त्राचे एखादे प्रकरण वाचून दाखवावे. बसायला जागा मिळाली तर कादंबरी वाचून होते, पाठांतर होते, हे खरे. पण त्यासाठी कोणी उपदेश करावा लागत नाही. ज्याला वाचायचे तो वाचतोच.

तिसरे उत्तर आईबाप देतात, आणि ते सर्वांत महागडे आहे. मुलगा बारावी झाला की दारात स्कूटर येते. गोव्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या घरात पोहोचली, त्याला हेही एक कारण आहे. अलीकडच्या वर्षांत येथील रस्त्यांवर दरवर्षी अडीचशेहून अधिक माणसे मरतात, आणि त्यांत मोठा भरणा दुचाकीस्वारांचा असतो. सकाळी पहिल्या तासाला पोहोचायच्या घाईत निघालेले अठरा वर्षांचे पोर आणि समोरून येणारा ट्रक! वेळेवर एक बस देता आली नाही म्हणून आम्ही मुलांच्या हाती दुचाकी देतो आणि त्याला स्वावलंबन म्हणतो. आणि ज्या घरी स्कूटर घेण्याची ऐपत नाही, त्या घरच्या मुलीने काय करावे?

शासकीय सेवेत आयुष्य गेल्यामुळे आम्हांला या दुखण्याचे मूळ कागदावर दिसते. बसच्या फेऱ्या व परवाने वाहतूक खाते पाहते. महाविद्यालयांचा कारभार उच्च शिक्षण संचालनालय. अभ्यासक्रम व हजेरीचे नियम विद्यापीठ. आणि वेळापत्रक प्राचार्य आपल्या खोलीत ठरवतात. प्रत्येकाची फाइल आपापल्या परीने निर्दोष असते. विद्यार्थी मात्र या चारही फायलींच्या मधल्या मोकळ्या जागेत उभा असतो. जूनमध्ये वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येक महाविद्यालयाने आपले विद्यार्थी कोणत्या गावांहून येतात याची यादी करावी आणि ती वाहतूक खात्यासमोर ठेवावी, याला कायदा बदलावा लागत नाही की अनुदान लागत नाही. प्रवेश-अर्जावर पत्ता लिहिलेलाच असतो. तो पत्ता या कामासाठी वाचला जात नाही, इतकेच.

महाविद्यालयांकडून आमची मागणी माफक आहे. आठवड्यातून दोन दिवस वर्गांच्या मध्ये एक तास मोकळा ठेवा आणि मंडळे, वादविवाद, तालमी, खेळ यांना तो तास द्या. २०२३-२४ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. बहुविद्याशाखीय विषय आले, इंटर्नशिप आली, चौथे वर्ष आले. वेळापत्रकाची एवढी मोडतोड करता आली, तर एक तास इकडचा तिकडे करणे अशक्य नाही. पंचाहत्तर टक्के हजेरीचा हिशेब चोख ठेवणाऱ्या संस्थेने हेही मोजावे की, वर्गाबाहेरच्या कोणत्याही उपक्रमात एकदाही नाव न लागता पदवी घेऊन जाणारे विद्यार्थी किती. तो आकडा वार्षिक अहवालात छापण्याचे धैर्य एखाद्या प्राचार्यांनी दाखवले, तर आम्ही स्वतः त्यांच्या अभिनंदनाचा ठराव मांडू. शिवाय मुलींसाठी बसायला स्वच्छ खोली, डबा खायला जागा आणि बस येईपर्यंत उघडे राहणारे वाचनालय, एवढ्या गोष्टींना कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

आता विद्यार्थ्यांना. वडीलकीचा सूर आम्ही टाळतो, पण स्पष्ट सांगितले पाहिजे. सगळा दोष बसचा नाही. साडेतीनची बस आहे म्हणून जाणारे जसे आहेत, तसे थांबायला नको म्हणून साडेतीनच्या बसकडे बोट दाखवणारेही आहेत. तुम्हांला सर्व काही करता येणार नाही, हे आधी मान्य करा. एकच गोष्ट निवडा. वादविवाद असो, नाटक असो, क्षेत्रीय अभ्यास असो की प्रयोगशाळेतले जादा काम असो. तिच्यासाठी आठवड्याचे दोन दिवस उशिराची बस घ्या आणि ते घरी पहिल्याच आठवड्यात सांगून टाका. सप्टेंबरमध्ये अचानक सांगितले की घरी संशय येतो. एकाच मार्गावरच्या चारजणांनी मिळून थांबावे. एकटीला थांबू न देणारी आई चौघींना थांबू देते. दोन तासांमधला रिकामा तास कँटीनमध्ये जातो तो जाऊ द्या, मैत्री तेथेच होते; पण पाचांपैकी दोन तास प्राध्यापकांच्या दाराशी घालवा. शहरातल्या मुलांना प्राध्यापक रस्त्यात, बाजारात, लग्नकार्यात भेटतात. तुम्हांला ते मुद्दाम भेटावे लागतात, आणि पुढे शिफारसपत्र लिहिताना ज्याचा चेहरा आठवतो त्याचेच पत्र चांगले लिहिले जाते.

पणजीत शिकणाऱ्यांसाठी आणखी एक. १८३२ मध्ये स्थापन झालेले आपले मध्यवर्ती ग्रंथालय, आजचे कृष्णदास शामा ग्रंथालय, पाटो येथे कदंब बसस्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर उभे आहे. दोनशे वर्षांकडे वाटचाल करणारी ही संस्था बसस्थानकाच्या शेजारी यावी, हा या मुलांच्या नशिबाचा भाग आहे. बसची वाट फलाटावर पाहण्याऐवजी तेथे पाहिली, तर तीन वर्षांत एखादे कपाट वाचून होईल.

शेवटी आपल्या मंडळांकडे वळणे भाग आहे, कारण हे टिपण त्यांच्याच पत्रिकेत छापले जात आहे. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरील नेहरू पूल कोसळला, तेव्हा पलीकडच्या तीरावरून येणाऱ्या सर्वांना बेतीच्या फेरीबोटीची सवय करून घ्यावी लागली. सभेत बसलेली प्रतिष्ठित मंडळी वारंवार घड्याळाकडे पाहत, हे आम्हांला आठवते. पुढे नवा पूल झाला आणि घड्याळाकडे पाहण्याची पाळी फक्त मुलांवर राहिली. आमची सूचना अशी की, वर्षातील चारांपैकी निदान दोन सभा दुपारी अडीच ते साडेचार या वेळेत, बसस्थानकाजवळच्या सभागृहात घ्याव्यात. एक सभा पेडणे, साखळी वा केपे येथील महाविद्यालयातच भरवावी. आणि वक्त्यांना वेळेचे बंधन घालावे. ज्येष्ठांना दुपारची वामकुक्षी सोडावी लागेल, हा आक्षेप येणारच. वर्षातून दोनदा ती सोडावी. निमंत्रणपत्रिकेत अध्यक्षांच्या नावाखाली पुरेशी जागा असते. तेथे वाळपई, पेडणे, सांगे आणि काणकोण येथे जाणाऱ्या शेवटच्या बसच्या वेळा छापाव्यात, आणि त्या छापण्यापूर्वी कार्यवाहांनी स्वतः बसस्थानकावर जाऊन विचारून घ्याव्यात.