विश्लेषण : होडीचं इंजिन वेळेवर खोलतात, मग स्कूबाच्या रेग्युलेटरचं काय?

मालवण : पावसाळ्यात जलपर्यटन बंद झालं की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, इंजिनं खोलली जातात, जाळी दुरुस्त होतात. तारकर्ली, देवबाग, दांडी भागात ज्या घरांचं पोट स्कूबावर चालतं, त्यांनी याच काळात आणखी एक वस्तू खोलून घ्यायला हवी. ती म्हणजे रेग्युलेटर.

मे 2022 मध्ये तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. अशा घटनेनंतर बोट आणि लाइफ जॅकेटवर चर्चा होते, ती व्हायलाच हवी. पण पाण्याखाली गेलेल्या माणसाचा श्वास ज्याच्यावर चालतो, त्या यंत्राबद्दल कुणी विचारत नाही.

सिलिंडरमध्ये हवा साधारण 200 बार दाबाने भरलेली असते. ती थेट तोंडात घेता येत नाही. सिलिंडरला जोडलेला फर्स्ट स्टेज हा दाब आजूबाजूच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा बार जास्त इतक्यावर आणतो. तोंडातला सेकंड स्टेज श्वास ओढला की लागेल तेवढीच हवा सोडतो. हे सगळं काम आतल्या ओ-रिंग, सीट, स्प्रिंग आणि पातळ पडद्यावर चालतं. खारं पाणी आत सुकलं की मीठ धरतं, रेती अडकते, रबर कडक होतं.

बिघडलेला रेग्युलेटर बहुतेक वेळा हवा बंद करत नाही, उलट भसाभस सोडतो. सिलिंडर बघता बघता रिकामा होतो. शिकलेला डायव्हर ते निभावून नेतो, पण पहिल्यांदाच पाण्यात उतरलेला पाहुणा घाबरून तो तोंडातून काढूनही टाकू शकतो.

सर्व्हिसिंगचा कंपन्यांचा हिशोब साधारण असा असतो : वर्षाला किंवा 100 डाइव्हला एकदा. काही कंपन्या दोन वर्षं देतात, पण मधे तपासणी सांगतात. हा हिशोब हौशी डायव्हरला पुरतो. आपल्याकडे सीझनमध्ये तोच रेग्युलेटर दिवसभर एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जातो. दिवसाला आठ पर्यटक धरले, तर तेराव्या दिवशी शंभरी पार! म्हणजे पावसाळ्यात एकदा सर्व्हिसिंग केलं की वर्षभर सुटलो, असं नाही. दिवाळीची गर्दी ओसरल्यावर आणि मे महिन्याआधी तपासणी लागतेच.

व्यावसायिकांची अडचणही खरी आहे. किट त्या त्या कंपनीचंच लागतं, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. काम शिकलेल्या टेक्निशियननेच करायचं असतं. सुटे भाग अल्ट्रासॉनिक यंत्रात धुऊन, ओ-रिंग आणि सीट बदलून, दाब पुन्हा लावावा लागतो. ऐन सीझनमध्ये सेट बाहेर पाठवला तर धंदा बुडतो. यावर उपाय एकत्र येण्याचा आहे. पाच-सहा जणांनी मिळून सेट पाळीपाळीने पाठवावेत, एक-दोन सेट जादा ठेवावेत आणि गावातल्याच एखाद्या मुलाला हे काम रीतसर शिकवून आणावं.

काही गोष्टी मात्र रोजच्या आहेत. धुण्याआधी फर्स्ट स्टेजची टोपी घट्ट बसवायची. गोड्या पाण्यात बुडवताना पर्ज बटण दाबायचं नाही, नाहीतर पाणी आत शिरतं. दोन पाहुण्यांच्या मधे माउथपीस निर्जंतुक करायचा. दाबाचा छोटा गेज लावून काटा बघायचा. तो स्थिर न राहता हळूहळू चढत असेल, तर सीट झिजली समजावी आणि तो सेट बाजूला काढावा.

प्रत्येक सेटला नंबर आणि त्याची वही ठेवली, तर "शेवटचं सर्व्हिसिंग कधी केलं?" या प्रश्नाला तारीख दाखवता येईल. पर्यटकांनीही हा प्रश्न विचारावा, आणि गावच्या मुलांनी पाण्यात उतरण्याआधी मालकाला विचारावा. कारण पर्यटक एकदा खाली जातो, गावचा पोरगा रोज जातो.