भाडेकरूही रहिवासीच असतो

मुस्लिम कुटुंबाला शहरात भाड्याने घर मिळत नाही, याबद्दल आपण वर्षानुवर्षे बोलत आलो आहोत. ते खरेच आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही त्याची नोंद झाली. पण घर मिळाल्यानंतर तिथे भाडेकरू म्हणून कसे राहावे लागते, याची चर्चा जवळजवळ होतच नाही. पुण्याच्या एका उपनगरात, चार इमारतींच्या गृहसंकुलात मी सहा वर्षे भाड्याने राहतो आहे. या सहा वर्षांत माझे मत असे झाले आहे की, नाव ऐकून बंद होणारे दार हा प्रश्नाचा निम्मा भाग आहे. उरलेला निम्मा दाराच्या आत आहे. तो माझ्या वाट्याला येतो तसाच लातूरहून आलेल्या शेतकरी कुटुंबाच्या, पाटण्याहून आलेल्या अभियंत्याच्या आणि एकट्या राहणाऱ्या परिचारिकेच्याही वाट्याला येतो. या दुसऱ्या भागाकडे दुर्लक्ष करून पहिला सुटणार नाही.

दाराबाहेरचा अनुभव वाचकांना नवा नाही. एजंट फोनवर भाडे, डिपॉझिट, राहायला येण्याची तारीख सगळे ठरवतो आणि शेवटी नाव विचारतो. नाव सांगितले की आवाज बदलतो. "माझी काही हरकत नाही हो, सोसायटी जरा कडक आहे." सोसायटीला विचारावे तर ती म्हणते, घर मालकाचे. मालकाला विचारावे तर तो सोसायटीकडे बोट दाखवतो. नकार कुणीच देत नाही आणि घर काही मिळत नाही.

कायदा इथे तोकडा पडतो. संविधानाच्या कलम १५(२) नुसार दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते अशा ठिकाणी धर्म, जात, लिंग यांवरून कुणाला अडवता येत नाही. खासगी घर भाड्याने देण्याचा व्यवहार त्या यादीत नाही. कलम १९ देशात कुठेही वास्तव्य करण्याचे स्वातंत्र्य देते, पण ते मुख्यतः शासनाविरुद्ध मागायचे असते. फोन ठेवून देणाऱ्या एजंटापुढे त्याचा उपयोग नाही. त्यात २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध मानला.

मला घर मिळाले ते मालकीणबाईंच्या ठामपणामुळे. भाडे वेळेवर मिळाले की बाकी चौकशीत मला रस नाही, असे त्यांनी सेक्रेटरींना सरळ सांगितले. मग माझ्याकडे 'पोलीस एनओसी' मागितली गेली. खरे तर भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी पोलीस आयुक्तांच्या आदेशाने मालकावर असते; ती ऑनलाइन कळवता येते आणि तिची पोच मिळते. ती पोच दाखवूनही मला कार्यालयात तीन फेऱ्या माराव्या लागल्या. त्याच आठवड्यात आलेल्या दुसऱ्या भाडेकरूचे काम एका फेरीत झाले. एवढे नोंदवून पुढे जातो, कारण त्या दिवसानंतर तो आणि मी एकाच रांगेत उभे होतो.

रांगेत असतो म्हणजे काय

आमच्या संकुलाचा व्हॉट्सॲप गट फक्त मालकांचा आहे. टाकी धुवायची म्हणून उद्या पाणी येणार नाही, ही सूचना दुबईत राहणाऱ्या मालकाला रात्रीच कळते. खाली राहणाऱ्या भाडेकरूला ती सकाळी नळ उघडल्यावर कळते. सामान आणताना 'शिफ्टिंग चार्ज' भाडेकरूने भरायचा, गणेशोत्सवाची आणि नववर्षाची वर्गणी त्याने द्यायची, पार्किंग मात्र सभासदांचे भागून उरले तर. ज्येष्ठांना लिफ्ट मिळत नाही, टँकरचे पाणी गढूळ येते, अशी तक्रार लिहून दिली की पहिला प्रश्न येतो, "तुम्ही ओनर का रेंटवाले?"

सर्वांत जास्त शिकवले ते न्हाणीघराच्या गळतीने. दोन वर्षांपूर्वी आमच्या छतातून पाणी झिरपू लागले. मालकीणबाई परगावी, त्यांनी सोसायटीला पत्र लिहिले. घरातली गळती संबंधित सभासदांनी पाहावी, असे उत्तर आले. ते नियमाला धरूनच होते. वरच्या न्हाणीघरातून पाणी येत असेल तर दुरुस्ती वरच्या सभासदाने करायची असते. पण तो सभासद परदेशात होता. वर राहणारे कुटुंबही आमच्यासारखेच भाड्याने आलेले. फरशी उकरायला त्यांची ना नव्हती, पण तसे करण्याचा त्यांना अधिकार नव्हता. दोन मालक आणि एक सोसायटी यांच्यात सात महिने पत्रे फिरत राहिली. पाण्याखाली बादली लावायला मात्र आम्हीच होतो. भिंतीला बुरशी चढली, मुलीचा खोकला हटेना. बैठकीत येऊन दोन मिनिटे बोलू द्या, अशी विनंती मी केली. सभासद नसलेल्यांना बसता येत नाही, असे सांगण्यात आले. शेवटी दुरुस्ती झाली ती तीन दिवसांत.

या सात महिन्यांत कुणी माझा धर्म विचारला नाही, आणि वरच्या कुटुंबाला त्यांच्या धर्माचा काही फायदाही झाला नाही. दोन्ही घरांत माणसे राहत होती, पण व्यवस्थेच्या लेखी ती दोन्ही घरे रिकामीच होती.

पैसा कुणाचा, शब्द कुणाचा

सदनिका भाड्याने दिली की सोसायटी मालकाकडून बिनवहिवाट शुल्क घेते. पूर्वी सोसायट्या ते मनाला येईल तसे आकारत. मालकांनी तक्रारी केल्या, तेव्हा राज्य सरकारने १ ऑगस्ट २००१ रोजी सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खाली आदेश काढून ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर आणून ठेवले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तो आदेश उचलून धरला. योग्यच झाले. पण हे शुल्क, देखभाल खर्च, रखवालदाराचा पगार हे सारे शेवटी भाड्यातूनच जाते. सेवा वापरणारा आणि तिचे पैसे पुरवणारा माणूस एकच असून तिच्याबद्दल बोलण्याची मुभा त्यालाच नाही.

मतदानाचा हक्क भाडेकरूला द्या, असे मी म्हणत नाही. पुनर्विकास, सिंकिंग फंड, इमारतीची मोठी दुरुस्ती हे मालकांचेच विषय आहेत. पण पाणी, लिफ्ट, कचरा, सुरक्षा हे राहण्याचे विषय आहेत. तिथे राहतो त्याचे ऐकले गेले पाहिजे.

अकरा महिन्यांच्या कराराचेही असेच. भाडेपट्टा एक वर्षाहून मोठा असेल तर नोंदणी लागते, ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने प्रत्येक लेखी कराराची नोंदणी सक्तीची केली आणि ती मालकाची जबाबदारी ठरवली. म्हणजे अकरा महिन्यांनी आता वाचत काहीच नाही. लिव्ह अँड लायसन्स करार साठ महिन्यांपर्यंतचा करता येतो. तरी प्रथा टिकून आहे, कारण दर नूतनीकरणाला एजंटाची दलाली आहे, भाड्यात वाढ आहे, सोसायटीचे कागद आहेत. भाडेकरूच्या पदरात मात्र दरवर्षी एकच प्रश्न पडतो: मुलांची शाळा बदलावी लागणार का?

मालकांची भीती

यावर मालकांचे उत्तर ठरलेले असते: भाडेकरूला हक्क दिले की तो घर बळकावतो. या भीतीला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी इतकी गोठवली की दुरुस्तीचाही खर्च निघेना. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच त्या तरतुदी अवाजवी ठरवल्या. पण आजचा लायसन्सवर राहणारा माणूस पागडीचा भाडेकरू नाही. मुदत संपूनही त्याने घर सोडले नाही तर १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत त्याला बाहेर काढता येते आणि दुप्पट दराने भरपाई वसूल करता येते. मालकाच्या भीतीची तजवीज कायद्याने केव्हाच केली आहे. भाडेकरूच्या डिपॉझिटची तशी तजवीज झालेली नाही. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते ठेवले आहे, पण तो मसुदा स्वीकारणे राज्यांच्या मर्जीवर आहे.

आपल्या वस्त्यांचे काय

हे लिहिताना आपल्या वस्त्यांकडे डोळेझाक करून चालणार नाही. बाहेर घर मिळत नाही म्हणून माणसे मुस्लिमबहुल भागांत येतात. तिथे भाडेकरूला न्याय मिळतोच असे नाही. मुंबई-ठाण्याच्या अनेक वस्त्यांत 'हेवी डिपॉझिट'चा व्यवहार चालतो. काही लाख एकरकमी द्यायचे, भाडे नाही, आणि कागद बहुधा साधा किंवा मुळीच नाही. गावची जमीन किंवा बायकोचे दागिने विकून दिलेली ती रक्कम परत मागताना माणसाच्या हाती पुरावा नसतो. घटस्फोटित किंवा एकटी बाई, दुसऱ्या फिरक्याचे कुटुंब, नोकरीसाठी आलेली पोरे यांना आपलेही घरमालक नकार देतातच. बाहेरच्या सोसायटीकडे जो न्याय मागायचा, तो आपल्या मोहल्ल्यातही लागू व्हायला हवा. नाहीतर आपल्या तक्रारीला वजन उरत नाही.

काय करता येईल

२०११ च्या जनगणनेनुसार शहरी भारतातली सुमारे २७ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती, आणि त्याच वेळी शहरांत सुमारे १.१ कोटी घरे रिकामी पडून होती. एवढ्या लोकसंख्येचा प्रश्न कुणा एका समाजाचा असू शकत नाही. म्हणून मागणीही सर्व भाडेकरूंसाठी करावी. ज्या कलम ७९अ ने २००१ मध्ये मालकांना दिलासा दिला, त्याच कलमाखाली राज्य सरकारने भाडेकरूंसाठी आदेश काढावा. सेवांविषयीच्या सूचना प्रत्यक्ष राहणाऱ्यालाच द्याव्यात. त्याची लेखी तक्रार नोंदवून ठरावीक मुदतीत उत्तर द्यावे. आदर्श उपविधींनुसार सदनिका भाड्याने देताना सोसायटीची परवानगी लागत नाही, पूर्वसूचना पुरते. मग धर्म, जात, आहार किंवा वैवाहिक स्थिती विचारून भाडेकरू अडवणाऱ्या समितीला त्याची कारणे लेखी द्यायला लावावीत. तोंडी नकार सोपा असतो. लेखी द्यायचा म्हटले की हात थबकतो.

सरकार आदेश काढेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. आपल्या चळवळीच्या केंद्रांत रेशन कार्डाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून दिले जातात. तिथेच आठवड्यातून एक दिवस भाडेकरूंसाठी ठेवता येईल. करार नोंदवलेला आहे का, हे तपासून द्यावे. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरण्याची तरतूद कलम ५५ मध्येच आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. डिपॉझिट बँकेतूनच द्यायला सांगावे, घर ताब्यात घेताना भिंतींचे, नळांचे, छताचे फोटो काढून मालकाला पाठवायला सांगावे. आणि हा दिवस सर्वांसाठी खुला ठेवावा. आमच्या वरच्या मजल्यावरचे कुटुंब त्या दिवशी आले, तर त्यांच्या आणि माझ्या अर्जात नावापुरताच फरक असेल.